काळ्या दगडाच्या पोटात स्फटिक येतात कुठून?

अजिंठ्याची लेणी पाहायला गेलेल्या बहुतेकांना हा अनुभव आला असेल. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड दिसणारा एक दगड घेऊन विक्रेता जवळ येतो, त्याची दोन शकले अलगद वेगळी करतो आणि आतली पांढरी किंवा जांभळट चमचम दाखवतो. पाहणाऱ्यांपैकी काही जण ‘काच चिकटवली आहे’ असे म्हणून पुढे जातात, काही घासाघीस करू लागतात. हे त्या काळ्या दगडाच्या आत शिरले कसे, हा प्रश्न मात्र दोघांच्याही मनात तसाच राहतो. याच जातीचे आणि याहून कितीतरी सरस नमुने सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात काचेआड ठेवलेले आहेत, आणि अमेरिकेतील टूसॉन येथे दरवर्षी भरणाऱ्या खनिजांच्या प्रदर्शनात जगभरचे संग्राहक ते शोधत फिरतात. जळगाव, नाशिक, पुणे ही नावे तिथे खनिजांची गावे म्हणून ओळखीची आहेत. आपल्याकडे त्याच खाणींना लोक खडीच्या खाणी म्हणून ओळखतात.

हे स्फटिक ज्वालामुखीतून जन्मले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आगीने फक्त खोल्या बांधल्या; त्यांत सामान भरले ते पाण्याने, आणि तेही दगड थंड होऊन गेल्यावर.

आधी खोली कशी तयार झाली?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्रात आणि आसपासच्या प्रदेशात जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर चढत गेला. त्याचे आज शिल्लक असलेले क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. पावसाळ्यात कसारा घाटातून किंवा बोरघाटातून जाताना समोरच्या डोंगरावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात आणि प्रत्येक पायरीवरून धबधबा उडी घेतो, ते हे थर. या खडकाला बेसॉल्ट म्हणतात. आपला नेहमीचा काळा दगड तो हाच.

लाव्हात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. लाव्हा पृष्ठभागावर आला की दाब कमी होतो, वायू सुटतात आणि त्यांचे बुडबुडे वर चढू लागतात. पुढे काय होते ते तव्यावरच्या आंबोळीकडे पाहिले तर लगेच कळते: बुडबुडे वर येतात, वरचा भाग तोवर घट्ट होऊ लागलेला असतो, आणि आंबोळीला जाळी पडते. लाव्हाच्या थरालाही वरच्या अंगाला अशीच जाळी पडते. मधला भाग सावकाश थंड होत असल्याने तो बराचसा भरीव राहतो. फरक इतकाच की आंबोळीची भोके वर उघडी राहतात, लाव्हाची बंद होतात. बहुतेक पोकळ्या वाटाण्याएवढ्या किंवा बदामाएवढ्या असतात, परंतु अनेक बुडबुडे एकमेकांत मिसळले तर माणूस आत बसू शकेल एवढी पोकळीही तयार होते.

विहिरी खोदणाऱ्यांना हे दोन भाग पक्के ठाऊक असतात. भरीव भागाला ते काळा पाषाण म्हणतात आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या जाळीदार खडकाला मांजऱ्या. खडीसाठी काळा पाषाण हवा असतो. संग्राहकाला जे हवे ते बहुधा मांजऱ्यात मिळते.

बुडबुड्यात लाव्हाच गोठला नाही कशावरून?

ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर स्फटिकांतच दडलेले आहे. बेसॉल्टचा लाव्हा हजार अंशांहून अधिक तापमानाचा असतो. पोकळीत सापडणाऱ्या बहुतेक खनिजांच्या रचनेत मात्र पाणी असते आणि काहीशे अंशांपर्यंत तापवले तरी ते निघून जाऊ लागते. लाव्हाच्या उष्णतेत असले खनिज तयार होणे शक्यच नाही. म्हणजे खडक थंड झाला, त्यावर आणखी थर चढले, आणि त्यानंतर कधीतरी हे स्फटिक वाढले.

वाढले ते असे. भेगांतून झिरपणारे पाणी खोल जाऊन तापते. गरम पाणी बेसॉल्टमधील काचेसारखा भाग आणि काही खनिजे हळूहळू विरघळवते, आणि त्यातून सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम घेऊन पुढे सरकते. (सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग, नदीकाठची वाळू बहुतांशी त्याचीच असते.) असे लादलेले पाणी पोकळीत शिरले, तिथे थोडे निवले किंवा त्याचे रासायनिक स्वरूप बदलले, की आतले पदार्थ त्याला धरून ठेवता येत नाहीत आणि ते पोकळीच्या भिंतीवर बसू लागतात. घरातल्या गीझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो तोही विरघळलेल्या पदार्थाने पाण्याची साथ सोडल्यामुळेच, फक्त तिथे घाई असते, म्हणून भुकटीसारखा थर जमतो.

इथे खडीसाखर आठवावी. साखरेचा दाट पाक भांड्यात दोरा सोडून शांतपणे ठेवला तर त्यावर मोठे, धारदार कडांचे खडे धरतात. तोच पाक ढवळत आटवला तर बारीक पिठीसारखी साखर हाती लागते. मोठ्या खड्यासाठी तीन गोष्टी लागतात: सावकाशपणा, मोकळी जागा आणि सुरुवातीला कमी ठिकाणी धरलेली बीजे. सह्याद्रीच्या पोटातल्या बंद पोकळ्यांत या तिन्ही गोष्टी भरपूर होत्या. ॲपोफिलाइट नावाच्या खनिजाचे वय किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या आधारे मोजले असता, काही नमुने त्यांना सामावणाऱ्या दगडापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघाले आहेत. म्हणजे एकाच वेळी सगळे भरून झाले असे नाही. पाणी पुन्हा पुन्हा आले.

हा क्रम उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. माझ्या टेबलावर जळगावकडचा एक नमुना आहे, तळहाताएवढा. काळ्या दगडाला लागून हिरवट मातकट रंगाचा, नखाएवढाही जाड नसलेला एक लेप आहे. पोकळीचे हे पहिले अस्तर. त्यावर बारीक गारगोटीचा साखर भुरभुरावी तसा थर आहे. त्यावर गव्हाची पेंढी मधोमध बांधल्यासारखे, दोन्ही टोकांना फुललेले फिकट पीच रंगाचे जुडगे बसले आहेत; ते स्टिल्बाइट. आणि एका जुडग्याच्या अंगावर, जणू नंतर येऊन जागा पटकावल्यासारखा, पाण्यासारखा नितळ ॲपोफिलाइटचा चौकोनी मनोरा उभा आहे. जो ज्याच्यावर बसला तो त्याच्यानंतरचा, एवढा एक नियम लक्षात ठेवला की असा दगड तळापासून वरपर्यंत वाचता येतो. प्रत्येक ठिकाणी क्रम हाच असेल असे मात्र नाही.

इतके सरळ पैलू कोणी पाडले?

कोणीही नाही. स्वयंपाकघरातील मिठाचे चार दाणे भिंगाखाली धरले तर त्यांत छोटे घन दिसतात. ते कोणी कापलेले नसतात. पदार्थाचे अणू ठरावीक रचनेत एकावर एक बसतात आणि ती रचनाच बाहेर पैलूंच्या रूपाने दिसते. गारगोटीचा स्फटिक लहान असो वा हातभर लांब, त्याच्या उभ्या पैलूंमधला कोन १२० अंशांचाच भरतो. कोनांची ही स्थिरता निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडली, आणि स्फटिकशास्त्राची सुरुवात बरेचदा तिथूनच धरली जाते. बाजारात पैलू पाडून, घासून, टोकदार केलेले ‘स्फटिक’ही भरपूर मिळतात. नैसर्गिक पैलूवर भिंगातून बहुधा बारीक रेघा, पायऱ्या किंवा खळगे दिसतात. घासलेला पैलू आरशासारखा एकसारखा असतो.

गारगोटी आणि झिओलाइट: एकाच खोलीतले दोन स्वभाव

गारगोटी आपल्या घरातली. लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासून आतून उजळणारा पिवळसर प्रकाश आणि त्यापाठोपाठ येणारा जळका वास ज्याने अनुभवला आहे, त्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. ती शुद्ध सिलिकाची असते आणि कठीणपणाच्या दहाच्या मापात तिचा क्रमांक सातवा, म्हणजे ती काचेवर सहज चरा पाडते. तिच्यात किंचित लोह असेल आणि आसपासच्या खडकातील मंद किरणोत्सर्गाचा परिणाम तिच्यावर दीर्घकाळ होत राहिला, तर ती जांभळी होते. तिला आपण ॲमेथिस्ट म्हणतो. कण इतके बारीक असतील की स्फटिक दिसूच नयेत, आणि थरांचे पट्टे असतील, तर तो अकीक. हा व्यापार नवा नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पट्टेदार अकीक गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे.

झिओलाइट हे एका खनिजाचे नाव नव्हे, ते कुळाचे नाव आहे. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट, चॅबाझाइट, लॉमोंटाइट ही त्यातली काही मंडळी. १७५६ साली स्वीडनच्या आक्सेल क्रॉनस्टेट याने फुंकनळीच्या ज्योतीत असा एक दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ निघाली आणि तो उकळतो आहे असे वाटले. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले.

आत पाणी राहते कुठे, हे समजण्यासाठी एक चाळ डोळ्यांसमोर आणावी. भिंती सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या, पक्क्या. त्यांच्यामधल्या खोल्यांत आणि बोळांत कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम आणि पाण्याचे रेणू हे भाडेकरू. तापवले की पाणी बाहेर पडते, थंड झाल्यावर दमट हवेतून परत येते. सोडियम निघून त्याच्या जागी कॅल्शियम येऊ शकतो. आणि या देवाणघेवाणीत चाळ सहसा पडत नाही. कठीण पाणी मृदू करणे, कपड्यांच्या साबणाची पूड, खनिज तेलाचे शुद्धीकरण, या सगळ्यांत हाच गुण वापरतात. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत हवेतून प्राणवायू वेगळा करणारे जे प्रकल्प रुग्णालयांच्या आवारात उभे राहिले त्यांच्या टाक्यांतही झिओलाइटच होते: दाबाखाली ते नायट्रोजनला धरून ठेवते आणि प्राणवायूला पुढे जाऊ देते. अर्थात ते कारखान्यात बनवलेले. उद्योगाला एकसारख्या मापाच्या खोल्या लागतात, आणि संग्राहक ज्यासाठी जीव टाकतो ती नक्षी उद्योगाच्या काही कामाची नसते.

बाजारातली एक गल्लत इथेच दूर करावी. ॲपोफिलाइट झिओलाइटच्या शेजारी बसते, तसेच चमकते, त्याच्याबरोबरच विकले जाते, पण ते झिओलाइट नाही. त्याची रचना पापुद्र्यांची आहे. वरच्या सपाट पैलूवर त्याला मोत्यासारखी झाक असते, आणि तिच्यावरून युरोपात त्याला पूर्वी ‘माशाचा डोळा’ म्हणत.

कोणत्या पोकळीत काय भरणार हे कशावर ठरते?

मुख्यतः तापमान आणि पाण्यात काय विरघळले आहे यावर. आइसलँडमध्ये भूऔष्णिक विजेसाठी खोल विंधनविहिरी घेतल्या जातात, आणि तिथे ही प्रक्रिया आजही चालू असल्याने ती थेट मोजता येते. साधारण ७० अंश सेल्सिअसखाली चॅबाझाइट, त्याच्या पुढे ९० पर्यंत मेसोलाइट आणि स्कोलेसाइट, ११० पर्यंत स्टिल्बाइट, आणि त्याहून गरम ठिकाणी लॉमोंटाइट असा पट्टा तिथे आढळला आहे. म्हणजे चहा उकळतो त्याच्या आसपासचीच ही तापमाने आहेत. पश्चिम भारतातील बेसॉल्टमध्येही भूवैज्ञानिक सुखेस्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली लॉमोंटाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलंडाइट यांचे तीन पट्टे दाखवले होते. त्यामुळे एखाद्या डोंगरात कोणते झिओलाइट सापडते यावरून तो भाग एके काळी किती तापला होता, आणि त्यावर आणखी किती दगड होता जो आज झिजून गेला, याचाही अंदाज बांधता येतो.

रंग हा बरेचदा चिमूटभर मूलद्रव्याचा खेळ असतो. बेसॉल्टमध्ये व्हॅनेडियम असते ते दहा लाखांत काहीशे भाग. पाण्याने ते वेचून ॲपोफिलाइटमध्ये नेले की तो पुण्याच्या पाषाण भागातल्या जुन्या नमुन्यांसारखा हिरवा होतो. तेच व्हॅनेडियम एका ठिकाणी साचून खनिजाचा मुख्य घटक झाले तर कॅव्हनसाइट तयार होते. याचा निळा रंग पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरा वाटत नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव ठेवले आहे. ते पहिल्यांदा अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडले, पण त्याचे जगातील सर्वांत देखणे नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून आले. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या सुयांचे गोंडे, असे त्याचे तिथले रूप.

मग हे महाराष्ट्रातच का?

फक्त महाराष्ट्रात नाही. आइसलँड, फेरो बेटे, स्कॉटलंड, अमेरिकेतील न्यू जर्सी, ब्राझीलचा दक्षिण भाग, जिथे जिथे जुना बेसॉल्ट आहे तिथे असे स्फटिक सापडतात. आपल्याकडे दोन गोष्टी जुळून आल्या. खडक प्रचंड आहे, आणि आपण तो अखंड फोडत आहोत. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्फटिकांसाठी म्हणून इथे फारसे कोणी खणत बसले नाही; रस्ता, धरण, विहीर, बोगदा, इमारत यांसाठी दगड फुटला आणि स्फटिक हाती लागले. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम चालू असताना निघालेले ॲपोफिलाइटचे नमुने युरोपातील संग्रहालयांत पोहोचले. मुंबईत कांदिवली आणि मालाडच्या खाणी संग्राहकांच्या तोंडी होत्या. आज त्या परिसरात इमारती आहेत.

खाणीत सुरुंग उडाला की पोकळी उघडी पडते, आणि डंपर भरायला लागेपर्यंत जो थोडा वेळ मिळतो तेवढाच तिच्या वाट्याला येतो. जाणत्या कामगाराची नजर त्या ढिगाऱ्यात पांढरी किंवा हिरवी झाक शोधत असते. छिन्नी-हातोडा आणि गुंडाळायला गोणपाट एवढ्याच साधनांवर तो तुकडा वाचवतो. न वाचलेले सगळे क्रशरमध्ये जाते आणि आपल्या घराच्या स्लॅबमध्ये येऊन पडते. स्फटिकांसाठी डोंगर फोडू नयेत हे मान्यच आहे, परंतु डोंगर फुटतोच आहे तर हे तुकडे उचलण्याने तो अधिक फुटत नाही, हेही तितकेच खरे आहे. लेण्यांच्या भिंतींत दिसणारी पांढरी भरलेली छिद्रे मात्र उकरण्याची वस्तू नव्हे.

खरा की बनावट?

मी स्वतः फसलो आहे. एका पर्यटनस्थळी गुलाबी कापसाच्या गोळ्यांनी भरलेला एक दगड मी मोठ्या आनंदाने विकत घेतला. ते ओकेनाइट होते, खनिज अस्सल, पण ओकेनाइट निसर्गात पांढरेच असते. रंग कोणीतरी चढवला होता, आणि पाण्याचा एक थेंब पडताच तो पसरला. पूर्ण खोटा दगड क्वचितच विकला जातो. खऱ्यावर केलेली कारागिरी जास्त आढळते. साध्या स्टिल्बाइटवर कॅव्हनसाइटचा गोंडा गोंदाने चिकटवतात, तुटलेले टोक जोडतात, ॲमेथिस्ट भट्टीत तापवून पिवळा करतात आणि सिट्रीन, म्हणजे नैसर्गिक पिवळी गारगोटी, म्हणून विकतात, साध्या गारगोटीवर धातूचा अतिपातळ थर देऊन इंद्रधनुषी झळाळी आणतात. जोडाच्या जागी भिंग फिरवावे. जंबुपार किरणांची छोटी बॅटरी मारल्यास गोंद बरेचदा उजळतो, मात्र कॅल्साइट हे खनिजही उजळू शकते, तेव्हा तेवढ्यावर निकाल देऊ नये.

स्फटिक उशाशी ठेवल्याने आजार बरे होतात, या दाव्याला पुरावा नाही. गारगोटी दाबली असता तिच्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो हे खरे आहे आणि मनगटावरचे क्वार्ट्झ घड्याळ तिच्या याच गुणाच्या आधारे वेळ मोजते. पण त्यातून माणसाच्या शरीरात काही घडते, असे दिसलेले नाही.

घरी आणल्यावर

गारगोटी ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुवावी, तिला काही होत नाही. ॲमेथिस्ट तेवढे उन्हात ठेवू नये, रंग उतरतो. ओकेनाइटला बोटही लावू नये, कारण त्याचे केस एकदा दबले की पुन्हा उभे राहत नाहीत. झिओलाइटवर आम्ल वापरू नये. आणि लॉमोंटाइट घेताना दोनदा विचार करावा: कोरड्या हवेत त्यातले पाणी निघून जाते आणि भाडेकरू गेल्यावर ही एक चाळ खरोखरच ढासळते. मी नाशिककडून आणलेला पांढरा, काड्यांसारखा सुंदर तुकडा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला होता. मे महिन्यात पाहिले तर त्याच्याभोवती खडूच्या भुकटीसारखा ढीग जमला होता.

आणखी एक काम विकत घेतानाच करावे. कोणत्या गावाची खाण, किती खोलीवर, कोणत्या साली निघाला, एवढे कागदावर लिहून तो कागद दगडासोबतच ठेवावा. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या नावावरून ‘पूनालाइट’ असे एका खनिजाचे नामकरण झाले होते; ते वेगळे खनिज नसून मेसोलाइटच आहे असे पुढे ठरले आणि नाव मागे पडले. नमुना कुठून आला हे मात्र त्या नावातच लिहिलेले राहिले. पाषाणच्या किंवा कांदिवलीच्या त्या खाणींत आता पुन्हा जाऊन पाहता येत नाही, तेव्हा त्यांच्याविषयी जे काही विचारायचे ते या दगडांना आणि त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्यांनाच विचारावे लागते.